गाडी अडखळते ती केव्हा?

कापसाचे पैसे हातात आले की आपल्या खानदेशात दोन गोष्टी घडतात. एकतर घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, नाहीतर पोराला मोटारसायकल हवी असते. कधी कधी दोन्ही एकदमच. नवी स्पोर्ट गाडी लाखाच्या पुढे, म्हणून मग मधला मार्ग निघतो. जळगावहून, धुळ्याहून, नाहीतर थेट नाशिकहून कोणाची तरी वापरलेली गाडी येते. टाकी चकाचक, मागची सीट उंच, आणि सायलेन्सरचा आवाज असा की गाडी वेशीवर आली तरी पारावर कळावे. पहिले आठ दिवस आनंदात जातात. नवव्या दिवशी पोरगा सांगतो, "गाडी मिसिंग मारते."

हा "मिसिंग" शब्द मोठा सोयीचा आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. एकाची गाडी सकाळी सुरू झाल्यावर पाच मिनिटे भकभक करते आणि मग सुधारते, तीही मिसिंग. दुसऱ्याची गावात गुणी बाळ असते आणि हमरस्त्यावर साठच्या पुढे गेली की गचके देते, तीही मिसिंग. तिसऱ्याची पावसात भिजली की रुसते. मिस्तरीकडे जाऊन आपण एवढा एकच शब्द टाकतो आणि तोही बिचारा हाताला सवय आहे ते करतो, म्हणजे कार्ब्युरेटर खोलतो. कार्ब्युरेटर साफ होतो, दोन दिवस बरे वाटते, आणि पुन्हा पहिले पाढे.

मागच्या वर्षी माझ्या भाच्याच्या बाबतीत जे घडले ते सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते लक्षात येईल.

भाच्याची शेती पारोळ्याच्या बाजूला. त्याने कापूस विकून अशीच एक जुनी, मोठ्या इंजिनाची गाडी घेतली. आखाजीला बायकोला माहेरी पोहोचवायचे म्हणून सकाळी टाकी काठोकाठ भरली, बायको आणि लहान मुलीला मागे बसवले आणि धुळ्याचा रस्ता धरला. पंधरा-वीस किलोमीटर गाडी उत्तम चालली. पुढे चाऱ्याने भरलेल्या एका ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओलांडायला त्याने ॲक्सिलेटर पिळला, आणि नेमकी तेव्हाच गाडी दोन गचके देऊन बसली. ना पुढे, ना मागे, रस्त्याच्या मधोमध. पाठीमागे ट्रक. त्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला आणि गाडी बाजूला घेतली म्हणून निभावले. सुनेने ती हकिकत सांगताना मुलीला जे पोटाशी धरले होते, ते मी विसरलेलो नाही.

गाडी ढकलत एका निंबाखाली आणली. दहा मिनिटे सगळे बसले. मग बटण दाबले तर पहिल्या झटक्यात सुरू! पुन्हा काही किलोमीटर, पुन्हा गचके, पुन्हा झाड. ३५ किलोमीटरच्या रस्त्याला अर्धा दिवस गेला.

पुढे नेहमीचे रामायण. एका मिस्तरीने कार्ब्युरेटर साफ केला. दुसऱ्याने प्लग बदलले. तिसऱ्याने कान लावून ऐकल्यासारखे केले आणि "इंजिन काम निघाले, बोअर-पिस्टन करावे लागेल, बारा हजार धरा" असे सांगून टाकले. भाच्याचा स्वतःचा समज असा झाला होता की त्या पंपावरचे पेट्रोलच खराब, कारण "टाकी फुल केली की हमखास बंद पडते, शंभराचे टाकले तर चालते." मशागतीसाठी बाजूला ठेवलेले पैसे इंजिनाला द्यायचे ठरत आले, तेव्हा त्याचा मला फोन आला. "मामा, गाडी बंद पडी जास."

मी त्याला एवढेच विचारले की, किती वेळाने पडते? सुरू केल्यावर लगेच पडते का? टाकी भरलेली असताना लवकर आणि अर्धी असताना उशिरा, असे आहे का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हो, अगदी तसेच आहे." मी म्हटले, आता पुन्हा बंद पडली की काही खोलू नकोस, फक्त टाकीचे झाकण उघड आणि कान दे. त्याच संध्याकाळी त्याने शेतरस्त्यावर गाडी पळवून पाहिली. गचके सुरू होताच थांबून झाकण उघडले, तर फुस्स असा हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला. गाडी लगेच सुरू झाली.

वाचक भगिनींना हे पटकन समजेल. तेलाच्या नव्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुडगुड करत, अडखळत येते. समोरच्या बाजूला दुसरे भोक पाडले की धार एकसारखी लागते. पेट्रोलच्या टाकीचेही तसेच आहे. जितके पेट्रोल खाली उतरेल तितकी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणात सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. विकणाऱ्याने गाडी देखणी दिसावी म्हणून टाकीला नवा रंग आणि पॉलिश मारले होते, आणि त्यात ते छिद्र बुजले होते. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार होते. टाकी अर्धी असली की वर हवा भरपूर, म्हणून गाडी जास्त वेळ तग धरते. झाडाखाली दहा मिनिटे थांबल्यावर फटीतून थोडी हवा आत झिरपायची, म्हणून ती पुन्हा सुरू व्हायची. पंपाचा दोष नव्हता, कार्ब्युरेटरचा नव्हता आणि बोअर-पिस्टनचा तर नव्हताच. एक टाचणी आणि फुंकर, एवढ्यावर काम भागले.

प्रत्येक गाडीचा आजार झाकणातच असतो असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की गाडी अडखळते ती *केव्हा*, हे आधी नीट पाहावे आणि मगच पान्याला हात लावावा. एक वही घ्या. इंजिन थंड असताना की तापल्यावर? उभ्या जागी की जोरात? चढावर की उतारावर ॲक्सिलेटर सोडल्यावर? धुतल्यानंतर, पावसानंतर की कधीही? टाकीत किती पेट्रोल होते? चार दिवसांच्या नोंदी झाल्या की निम्मे निदान घरबसल्या होते. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही आधी फुकटची, मग स्वस्तातली. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिल मात्र चारही गोष्टींचे येते.

दोष सापडेपर्यंत गाडी हमरस्त्यावर काढू नये, मागे बाई-माणूस बसवून तर मुळीच नाही. शेतात आणि गावात चालवून पाहावी.

आता एक बिनखर्चाची परीक्षा. गाडी गचके देऊ लागली की चालत्या गाडीतच क्लच दाबा आणि इंजिनाचा आवाज ऐका. क्लच दाबल्यावर इंजिन एकसारखे गुणगुणत असेल तर इंजिन निर्दोष असू शकते. गचके साखळीचे असू शकतात. ढिली किंवा कुठे ताठ, कुठे सैल झालेली चेन हळू चालवताना अगदी मिसिंगसारखे झटके देते. बहुतेक गाड्यांना मध्यभागी दोन-तीन सेंटीमीटर खेळ पुरतो, नेमका आकडा चेनगार्डवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत असतो. उलट इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे ओढत नाही, असे असेल तर क्लच प्लेटा घासल्या आहेत. या दोन कारणांपायी नाहक उघडलेले कार्ब्युरेटर मी कितीतरी पाहिले आहेत.

वापरलेल्या स्पोर्ट गाडीचा एक खास रोग असतो आणि त्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. तो रोग म्हणजे आधीच्या मालकाची हौस. कंपनीने गाडी बनवताना हवा किती आत यावी, पेट्रोल किती मिसळावे आणि धूर किती सुटावा याचा मेळ घातलेला असतो. हौशी मालक पहिल्यांदा सायलेन्सर बदलतो, कारण आवाज हवा. मग एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवतो. आता हवा जास्त आत येते आणि पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच. मिश्रण पातळ होते. अशी गाडी ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्-फट् फटाके फोडते, मध्येच दम टाकते, आणि इंजिन जास्त तापते. पोरांना तो फटाक्यांचा आवाज आवडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, त्या उन्हात पातळ मिश्रणावर पळणारे इंजिन काय भोगत असेल ते त्यालाच ठाऊक. शिवाय पोलीस दंड करतात ते वेगळेच. तेव्हा असली गाडी हाती आली तर दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे भंगारातून का होईना, मूळचा सायलेन्सर आणि मूळचा फिल्टरचा डबा मिळवून बसवणे. निम्म्या गाड्या तेवढ्याने शहाण्या होतात.

दुसरी हौस दिव्यांची आणि हॉर्नची. झगमगते दिवे, मोठा भोंगा, मोबाइल चार्ज करायची सोय, आणि हे सगळे मूळच्या वायरी सोलून, नुसती टेप गुंडाळून जोडलेले. टेप उन्हाने सुटते, वायर हँडलखाली घासते, आणि हँडल डावीकडे वळवले की गाडी बंद, उजवीकडे वळवले की चालू, असा भुताटकीचा प्रकार सुरू होतो. गाडी उभी करून इंजिन सुरू ठेवा आणि हँडल हळूहळू दोन्ही टोकांना वळवून पाहा. आवाज बदलला तर दोष वायरीत, किंवा ताणल्या गेलेल्या ॲक्सिलेटर केबलमध्ये. आपल्याकडे गाडी धान्याच्या खोलीत किंवा गोठ्याच्या पडवीत लावतात. तिथे उंदीर वायरी कुरतडतात, हेही विसरू नये.

आता प्लगकडे येऊ. प्लग काढून त्याचे तोंड पाहावे. दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक म्हणजे हवा जास्त. ओला आणि तेलकट म्हणजे इंजिनातले तेल वर चढते आहे, आणि तिथे मात्र मिस्तरीची भीती खरी असू शकते. दोन टोकांमधली फट बऱ्याच गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. तारेने खरवडून, पॉलिश पेपरने घासून जुना प्लग चालवण्यापेक्षा नवा घालावा. घरच्या वहीत लिहिलेले पंक्चरचे पैसे मोजले तरी त्याहून तो महाग नाही.

दोन प्लगांच्या गाड्यांत एक गंमत आहे. चाकणला तयार होणारी बजाजची पल्सर २००१ मध्ये बाजारात आली आणि २००३ पासून तिच्या एका सिलिंडरला दोन प्लग बसू लागले. २०१२ मध्ये आलेल्या तिच्या २०० एनएस या मॉडेलला तर तीन आहेत. अशा गाडीतला एक प्लग मेला तरी गाडी बंद पडत नाही. ती चालते, पण उभ्या जागी थरथरते, पेट्रोल जास्त पिते आणि चढावर मान टाकते. धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर हे चांगले कळते. मालकाला वाटते गाडी म्हातारी झाली. तपासायची रीत सोपी आहे. गाडी बंद असताना एका प्लगची टोपी काढा, त्या टोपीत एखादा जुना प्लग खोचून त्याचे लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून बांधा आणि गाडी सुरू करा. चालू झाली तर उरलेला प्लग जिवंत आहे. मग दुसऱ्या बाजूने तसेच करा. ज्या वेळी सुरूच होत नाही त्या वेळी जो एकटा राहिला होता, तो दोषी. आता दोन्ही प्लगांची आपसांत अदलाबदल करा. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर प्लग बदलायचा. तिथेच राहिला तर टोपी, वायर किंवा कॉइल पाहायची. चालू इंजिनाची टोपी हाताने उपटू नये. झटका हजारो व्होल्टचा असतो, शिवाय कॉइलही जाते. आणि ही परीक्षा करताना जवळपास उघडे पेट्रोल नको.

गाडी धुतल्यावर किंवा पावसानंतर अडखळत असेल तर याच टोप्यांकडे संशयाने पाहावे. रबर फाटले की आत पाणी शिरते. सर्व्हिसिंगच्या जोरकस फवाऱ्याने तर हमखास.

हवेच्या बाजूला दोन दुखणी. एक, बुजलेला एअर फिल्टर. आपले रस्ते, जिनिंगजवळची कापसाची तुसे, मळणी यंत्राचा भुसा, हे सगळे तिथे जाऊन बसते. कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो, झटकावा, आतून बाहेर हवा मारावी, फार काळा असेल तर बदलावा. स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, थोडे तेल लावून बसवता येतो. गाडी दोन-तीन महिने उभी असेल तर फिल्टरच्या डब्याच्या तोंडात आणि बारीक नळ्यांत कुंभारीण मातीचे घर करते, तेही पाहावे.

दुसरे दुखणे लपलेले असते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबराचा गळा उन्हाने आणि वयाने तडकतो. त्या फटीतून चोरून हवा आत जाते. याची खूण अशी की उभ्या जागी इंजिनाचा आवाज आपोआप वर चढतो, खाली येतो, ॲक्सिलेटर सोडला तरी गाडी लवकर शांत होत नाही, आणि चोक ओढला तर उलट बरी चालते. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या. गाडी चालू ठेवून त्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की चोर सापडला. पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे तिथे मारू नये, तापलेले इंजिन आहे. रबराला टेप गुंडाळून काही होत नाही, नवा गळाच बसवावा, आणि क्लॅम्प नीट आवळावा.

पेट्रोलबद्दल अलीकडे फार बोलले जाते, तेव्हा त्यातले खरे काय ते पाहू. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल उसापासून, मक्यापासून बनते, म्हणजे आपल्याच शिवारातला माल टाकीत येतो आहे. पण त्याचा स्वभाव पाणी ओढून घेण्याचा. थोडे पाणी ते पोटात मुरवून घेते, पण जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात, आणि पेट्रोलचा नळ असतो तळाशीच. शिवाय नवीन गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग या मिश्रणाला साजेसे होऊ लागले ते एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या गाडीच्या पेट्रोल नळ्या, वॉशर फुगले किंवा चिरले आहेत का ते वर्षातून एकदा पाहावे.

पाणी टाकीत शिरते कसे? स्पोर्ट गाडीचे झाकण टाकीच्या पृष्ठाशी सपाट बसवलेले असते. त्याच्याभोवती पावसाचे पाणी साचते, आणि ते वाहून जावे म्हणून तिथे एक छिद्र आणि खालपर्यंत बारीक नळी असते. ती मातीने बुजली की पाणी झाकणाच्या रबरातून आत झिरपते. ज्या गाडीचे हवेचे छिद्र बुजले, तिची ही नळीही बहुधा बुजलेली सापडते.

तपासायला कार्ब्युरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतले पेट्रोल काचेच्या पांढऱ्या बाटलीत घ्यावे आणि अर्धा तास ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर पाणी, तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि बिडीपासून लांब, इंजिन थंड असताना करावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये. टाकी गंजली असेल तर कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ करा, पुन्हा भरणारच. आधी टाकी. आणि किराणा दुकानातले बाटलीतले पेट्रोल अडचणीपुरतेच बरे. पंपावर संशय आला तर फिल्टर पेपर मागावा, तो देणे पंपावर बंधनकारक आहे. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे.

एवढे सगळे पाहून झाले आणि तरी गाडी ऐकत नसेल, तर मग कार्ब्युरेटर. गाडी कित्येक आठवडे उभी राहिली असेल तर वाटीतले पेट्रोल उडून चिकट राळ उरते आणि बारीक जेट बुजते. अशी गाडी चोकवर चालते, चोक बंद केला की मरते. मोठ्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत कार्ब्युरेटरच्या टोपणाखाली रबराचा पातळ पडदा असतो. त्याला छिद्र पडले तर गाडी हळू छान चालते पण पिळल्यावर उचलत नाही. तो पडदा उजेडासमोर धरून पाहायला सांगावे. जेटमध्ये तार खुपसू देऊ नये, छिद्र मोठे होते आणि मग कायमचे दुखणे. हवेचा स्क्रू फिरवण्याआधी तो किती फेरे उघडा होता ते मोजून लिहून ठेवायला लावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि कार्ब्युरेटर जवळपास संपला. यामाहाच्या आर-१५ सारख्या गाडीत तर २००८ पासूनच पेट्रोलची पिचकारी, म्हणजे इंजेक्शन आहे. अशी गाडी असेल तर चावी लावल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते का ते पाहावे, आणि इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा गाडी चालू झाल्यावरही राहतो का ते पाहावे. दिवा राहिला तर अंदाजाने काही बदलू नका, संकेत वाचणारे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या. या गाड्यांना बॅटरी अशक्त झालेली मुळीच चालत नाही. शंभर दुखणी नुसत्या सैल किंवा हिरव्या पडलेल्या बॅटरीच्या टोकांमुळे होतात.

सगळ्यात शेवटी टॅपेट आणि दाब. टॅपेट टकटक वाजतो म्हणून लोक घाबरतात, पण वाजणारा टॅपेट फार नुकसान करत नाही. जास्त आवळलेला टॅपेट गप्प असतो, आणि तोच व्हॉल्व्ह जाळतो. गाडी थंडीत ठीक आणि तापली की बंद, पुन्हा सुरू व्हायला कुरकूर, अशी तक्रार असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटची फट मोजून घ्यावी. काम तासाभराचे आहे. बोअर-पिस्टनचे नाव कोणी काढले तर "कॉम्प्रेशन गेजवर दाब मोजून दाखवा" एवढे म्हणावे. निळा धूर निघत नसेल, तेल कमी होत नसेल आणि दाब ठीक असेल, तर इंजिन उघडू देऊ नये.

ज्यांच्या घरी अजून १९८५ सालातली ती यामाहा आरएक्स-१०० धडधडत असते, त्यांचा मामला निराळा. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये जमणाऱ्या काजळीविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.

आणि ज्यांची खरेदी व्हायची आहे त्यांच्यासाठी. गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि पोहोचताच इंजिनाला हात लावावा. गरम लागले तर विकणाऱ्याने ते आधीच सुरू करून ठेवले आहे, म्हणजे थंड गाडी त्याला दाखवायची नाही. चहा घ्या, गप्पा मारा, गाडी थंड होऊ द्या. मग सुरू करायला सांगा आणि टाकी भरून निदान वीस किलोमीटर फिरवून पाहा. गावातल्या गावात दोन चकरा मारून सौदा करू नका. माझ्या भाच्याने तेवढेच केले होते.